पावसाळ्यात पेट्रोलचा काटा पडतो, दुरुस्त केला तरी पुन्हा पडतो: फ्लोट बदलण्याआधी हे तपासा

टाकीत निम्मं पेट्रोल आहे आणि काटा लाल रेषेकडे घसरलाय. चार दिवस कडक ऊन पडलं की तो आपोआप वर येतो. मिस्त्रीकडे नेली की दोन-चार महिने सगळं ठीक, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुमच्या गाडीचं असं होत असेल, तर आमची तीन वर्षं कशात गेली ते वाचा. तुमचे पैसे वाचतील.

आमची गाडी २००९ सालची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, ३५ लिटरची टाकी. इंदूरला सुदामा नगरात घरासमोर उघड्यावरच उभी असते. चालवतात मुख्यतः बाबा, अधूनमधून मी. २०२१ च्या जुलैत पहिल्यांदा काटा पडला. मिस्त्रींनी मागची सीट उचलली, टाकीतलं फ्लोटचं (पेट्रोलवर तरंगून पातळी मोजणाऱ्या भागाचं) युनिट बदललं, काटा वर आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. या वेळी निदान झालं, ‘मीटर गया’. जुन्या गाडीचं अख्खं मीटर आणून बसवलं, आणि खरंच काटा सरळ झाला. २०२३ चा पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत काटा पुन्हा खाली.

आता मागे वळून पाहताना कळतं की दोन्ही वेळा गाडी बरी का झाली. फ्लोट बदलताना सीट निघाली, खालचा ओला फोम उन्हात पडला, कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून पुन्हा घट्ट बसवला गेला, वायर हलली. तेवढ्यानेच खराब जोड काही दिवसांसाठी जुळला. मीटर बदललं तेव्हा तर ऑक्टोबर लागला होता, पाऊस संपलेला. म्हणजे बदललेल्या दोन्ही वस्तू मुळात चांगल्या होत्या. काही दिवसांनी परत येणारा बिघाड हा सापडलेलाच नसतो, फक्त दबलेला असतो.

याचा खरा फटका बसला तो नोव्हेंबरात. काटा खोटं बोलतो हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं, त्यामुळे त्याच्याकडे बघणंच आम्ही सोडलं. बाबा वहीत लिटर आणि किलोमीटर लिहून हिशेब ठेवत. ओंकारेश्वरहून परत येताना, भेरूघाटाच्या चढावर, दिवेलागणीला गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मधे एकदा भाऊ गाडी घेऊन देवासला जाऊन आला होता, ते वहीत लिहायचं राहिलं होतं. लांडगा आला रे आला म्हणतात, ते हेच. त्या दिवशी काटा खरं सांगत होता. एका दूधवाल्या दादांनी मला मोटरसायकलवर सिमरोलपर्यंत नेलं, तिथून डब्यात पेट्रोल आणलं. तो तास-दीड तास बाबा आणि आई अंधारात, ट्रकच्या वर्दळीत, गाडीच्या बाजूला उभे होते. तेव्हाच ठरवलं की आता हे आपण स्वतः शोधायचं. मी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत काम करते, मल्टिमीटर हाताळायची सवय आहे. पण खाली लिहिलेलं करायला तेवढीही गरज नाही. महाराणी रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

आणखी एक सांगते. टाकी पूर्ण कोरडी होऊ देणं पंपासाठीही वाईट असतं. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो.

काटा हलतो कसा

प्रकरण मुळात सोपं आहे. टाकीत एक हलका फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. त्याची तारेची दांडी एका छोट्या पट्टीवर संपर्क सरकवते. पट्टीवर रेझिस्टन्सचा, म्हणजे करंटला अडवणारा, थर असतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. पेट्रोल वर असेल तर रेझिस्टन्स एक, खाली गेलं की दुसरा. तिथून एक बारीक वायर डॅशबोर्डमधल्या मीटरकडे जाते, आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तिला आपण अर्थ म्हणतो. मीटरमधून निघालेला करंट फ्लोटच्या पट्टीतून अर्थकडे जातो. करंट जास्त गेला की काटा एकीकडे, कमी गेला की दुसरीकडे.

म्हणजे संशयित चारच: फ्लोटचं युनिट, मधली वायर, मीटर आणि अर्थ. बहुतेक ठिकाणी पहिल्या आणि तिसऱ्यावर पैसे खर्च होतात, कारण त्या विकत मिळणाऱ्या वस्तू आहेत. चौथ्याकडे सहसा कोणी बघत नाही.

कुठल्या टोकाला किती ओहम, हे गाडीगणिक बदलतं. आमच्या गाडीत टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स कमी आणि रिकामी असताना जास्त. बाजारात मिळणाऱ्या सुट्या मीटरांत अमेरिकी पद्धतीचे रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम असे येतात, युरोपी पद्धतीचे उलट, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. म्हणून दुसऱ्या गाडीचं युनिट ‘बसतंय ना’ म्हणून बसवलं तर काटा उलटा किंवा अर्धवट चालू शकतो. मॉडेल आणि साल सांगूनच युनिट घ्या.

आधी लक्षणं नीट बघा

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस काट्याकडे नीट लक्ष ठेवा. कायम रिकामं दाखवणारा काटा आणि कधीकधी रिकामं दाखवणारा काटा, यांचे आजार वेगळे. कायम एकाच टोकाला चिकटलेला असेल तर वायर तुटलेली, पत्र्याला घासून अर्थ झालेली, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडालेला. ठराविक जागीच, समजा पावपासून निम्म्यापर्यंतच, काटा उड्या मारत असेल तर पट्टीवरचा थर तेवढ्या भागात झिजलाय. जे नेहमी थोडंथोडं पेट्रोल भरून त्याच पट्ट्यात गाडी चालवतात त्यांच्याकडे हे हमखास होतं. काट्याबरोबर तापमानाचा काटाही चुकत असेल तर फ्लोट सोडा, मीटरचा सप्लाय बघा. जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असायचा. आणि गाडीतल्या बाकीच्या गोष्टी चालू-बंद केल्यावर काटा हलत असेल, जसं इंडिकेटर लागला की तो थरथरतो किंवा ब्रेक दाबला की घसरतो, तर सरळ अर्थवर संशय घ्या.

काही गोष्टी बिघाड नसतात. उतारावर काटा खालीवर होणं, टाकी फुल्ल केल्यावर पहिले साठ-सत्तर किलोमीटर काटा न हलणं आणि मग भराभर उतरणं, हे टाकीच्या वेड्यावाकड्या आकारामुळे होतं. नव्या गाड्यांत आकडा कॉम्प्युटर सरासरी काढून दाखवतो, म्हणून दोन-तीन लिटर टाकल्यावर काटा लगेच वर येत नाही. पंपावर ‘पाचशेचं टाकलं आणि काटा हललाही नाही’ म्हणून भांडणं होतात, तेव्हा मला हेच आठवतं. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि ग्राहकाला ते भरून दाखवावं लागतं. ते मागा, पण आपला काटा पुरावा म्हणून पुढे करू नका.

टाकीजवळ जाण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीने पेटते. काम मोकळ्या हवेत करायचं, बंद गॅरेजमध्ये नाही. जवळ कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, बाजूच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नाही ना, हे बघायचं. अग्निशामक हाताशी हवा. ज्या तपासण्यांना चावी ऑन लागते त्या सगळ्या टाकी बंद ठेवून, फक्त बाहेरच्या कपलरवर करायच्या. टाकीचं झाकण उघडायची, म्हणजे फ्लोटचं युनिट बाहेर काढायची, वेळ आली तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, इंजेक्शनच्या गाडीत लाइनमधलं प्रेशर सोडायचं, आणि टाकीत पेट्रोल पावपेक्षा कमी असताना हे काम करायचं. यातलं काही जमणार नाही असं वाटलं तर झाकण उघडायचं काम मिस्त्रींना द्या. फ्लोटला थेट बॅटरीचा करंट तर कधीच द्यायचा नाही.

दोन मिनिटांची परीक्षा

मागच्या सीटखाली, गालिचा सरकवला की एक गोल किंवा चौकोनी पत्र्याचं झाकण असतं. त्याखाली टाकीवर बसलेल्या युनिटचा कपलर. आमच्यात चार वायरी आहेत: दोन जाड, त्या पंपाच्या, आणि दोन बारीक, त्या फ्लोटच्या. कुठली कुठली ते वायरिंगच्या नकाशावरून नक्की करा, नुसत्या रंगावरून अंदाज बांधू नका.

कपलर काढा आणि चावी ऑन करा. आमच्यासारख्या गाडीत काटा पूर्ण खाली जायला हवा. आता कपलरच्या गाडीकडच्या बाजूला फ्लोटची सिग्नल वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ३-४ वॅटचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. काटा वर चढायला हवा. जुने काटे आत तापणाऱ्या पट्टीवर चालतात, ते सावकाश चढतात, अर्धा मिनिट थांबा. थेट तारेने शॉर्ट करू नका, मीटर जळू शकतं. कॉम्प्युटरवाल्या नव्या गाडीत बल्बही नको. तिथे ओहमच्या ठराविक आकड्याचे रेझिस्टर लावून बघतात, तेही त्या गाडीच्या पुस्तकात दिलं असेल तरच.

काटा दोन्ही टोकांना गेला म्हणजे मीटर आणि मधली वायर ठीक, दोष टाकीच्या बाजूला. गेला नाही तर दोष पुढे. मग आधी फ्यूज बघा, नंतर मीटरमागचा कपलर, आणि मगच मीटर. एवढ्या एका परीक्षेने निम्मी गाडी संशयातून सुटते. आमच्या गाडीवर २०२२ मध्ये हे कोणी केलं असतं तर मीटर बदलावंच लागलं नसतं. मी बल्ब लावला आणि काटा हळूहळू ‘एफ’च्या पुढे गेला. जुनं मीटर माळ्यावर होतं, तेही लावून बघितलं. ते पण ठणठणीत!

मग फ्लोट. मिस्त्रींकडून युनिट बाहेर काढून घेतलं, पुसून, सुकवून अंगणात कागदावर ठेवलं. मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना लावली तर ०.३ ओहम दाखवत होता, तो तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स, प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. दांडी पूर्ण वर केली: ५ ओहम. मधोमध: ३८. पूर्ण खाली: ११२. महत्त्वाचं म्हणजे दांडी अगदी सावकाश खाली आणताना आकडा सलग वाढत गेला, मधे कुठेही उडी नाही, कुठेही ‘ओपन’ (मार्ग तुटलेला) नाही. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत काही डुचमळत नव्हतं. म्हणजे युनिटही चांगलं.

तुमच्या युनिटच्या पट्टीवर काळा थर दिसला तर तो इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, रेझिस्टन्सचा थरच निघून जाईल. हा काळेपणा बऱ्याचदा गंधकामुळे येतो. संपर्काच्या बारीक बोटांवर चांदीचा मिश्रधातू असतो आणि गंधकाने चांदी काळी पडते, देवघरातली चांदीची वाटी पडते तशीच. अमेरिकेत २००४ साली फ्लोरिडाच्या भागात जादा गंधकाचं पेट्रोल पंपांवर गेलं आणि अनेक गाड्यांचे काटे त्यानेच बिघडले. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाच्या सरकारी मानकांचा आधीचा टप्पा) पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात ५० भाग होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती १० वर आली. त्यामुळे नव्या युनिटला हा त्रास कमी, पण पंधरा वर्षांच्या जुन्या युनिटवर जुना थर असू शकतो.

सगळं पास, तरी काटा नापास

इथे मी अडकले. मीटर चांगलं, वायर चांगली, फ्लोट चांगला. अर्थची वायरही मोजली होती: कपलरच्या अर्थच्या पिनपासून बॉडीपर्यंत ०.७ ओहम, त्यातले ०.३ मल्टिमीटरचे. उरले ०.४. शंभर-सव्वाशे ओहमच्या खेळात ०.४ म्हणजे काहीच नाही असं वाटून मी पुढे गेले. चूक तिथेच झाली.

सापडलं ते बाबांमुळे. आई मालवा मिलच्या बाजारात भाजी घेते तेव्हा बाबा गाडीत बसून रेडिओ ऐकत थांबतात. एकदा घरी आल्यावर म्हणाले, “अगं, नुसती चावी फिरवून बसलो की काटा बरोबर निम्म्यावर असतो. गाडी सुरू केली की मग पडतो.”

“बाबा, नक्की? प्रत्येक वेळी?”

“तीनदा बघितलं. तुला सांगायचं म्हणूनच बघितलं.”

मी लगेच गाडीत जाऊन बसले. चावी ऑन. मागून पंपाचा गुईंऽऽ असा दोन-तीन सेकंदांचा आवाज आला आणि थांबला. काटा चढत चढत निम्म्यावर येऊन स्थिरावला. इंजिन सुरू केलं. मिनिटभरात काटा घसरून पावच्या जरा वर. बंद करून पुन्हा चावी ऑन: निम्मा. पुन्हा सुरू: पाव.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंप थोडा वेळ चालून थांबतो आणि इंजिन सुरू असेपर्यंत मग अखंड चालतो. आमच्या गाडीत पंप आणि फ्लोट दोघांची अर्थ एकाच वायरीने बॉडीला जाते. फ्लोटचा करंट अगदी किरकोळ, पण पंप चार-साडेचार अँपिअर खेचतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावा: ०.४ ओहममधून साडेचार अँपिअर गेले की १.८ व्होल्ट. म्हणजे पंप चालू असताना फ्लोटची अर्थ शून्यावर नसते, ती पावणेदोन व्होल्ट वर उचललेली असते. तेवढा करंट मीटरमधून कमी जातो, आणि मीटर समजतं की रेझिस्टन्स वाढला, टाकी रिकामी होतेय. मल्टिमीटर ओहम मोजताना वायरीतून नखाएवढा करंट सोडतो, त्याला दहातली एक तार धड असली तरी रस्ता मोकळा वाटतो. म्हणून पंप बंद ठेवून केलेल्या सगळ्या परीक्षांत गाडी पास होत होती.

म्हणून अर्थ ओहममध्ये मोजू नका, व्होल्टमध्ये मोजा, आणि तेही पंप चालू असताना. कपलर जोडलेलाच ठेवायचा. मागच्या बाजूने अर्थच्या वायरीलगत टाचणी आत सरकवायची, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक टाचणीला, काळं टोक लांब वायर लावून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन सुरू. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. आमच्यात १.७८ आला. मी वायर हाताने जरा वाकवली तर २.१, सोडली तर १.६. तो नाचणारा आकडा बघून अंगावर काटा आला, कारण तीन वर्षं जे शोधत होतो ते पाच इंचांच्या वायरीत होतं.

वायरीचं काय झालं होतं

ती वायर मागच्या सीटखाली, उजव्या कोपऱ्यात, एका १० नंबरच्या बोल्टने पत्र्याला बसवलेली होती. बोल्ट फिरवला तर करकरला आणि तपकिरी भुकटी पडली. लगच्या (वायरीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीच्या) मुळाशी इन्सुलेशन फुगलेलं दिसलं. ब्लेडने चीर दिली तर आत तांब्याऐवजी हिरवट काळा चुरा. दोन बोटांत धरून ओढताच लग वेगळा झाला. तीन-चार तारांवर सगळं टिकून होतं. आजूबाजूच्या गालिचाखालचा फोम पिळला तर थेंब गळले, आणि तेव्हा आठ दिवस पाऊस नव्हता.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीचा निगेटिव्ह काढला. वायर मागे मागे कापत गेले, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. जवळजवळ पाच इंच काळं निघालं, म्हणून तेवढाच नवा तुकडा जोडला, जुन्यापेक्षा एक आकडा जाड. जोड टाकीपासून लांब, गाडीबाहेर ओढून डाग दिला, त्यावर हीट श्रिंकची (गरम केली की आवळून बसणारी) नळी. नवा तांब्याचा लग पकडीने नीट दाबला. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा काढला. रंगावर लग बसवला तर करंट जात नाही, हे बरेच जण विसरतात. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा जाड लेप, पाण्याला अडवायला. लेप आवळल्यानंतर द्यायचा. कपलरच्या चारही पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या. साहित्याचा सगळा खर्च दोनशेच्या आत झाला. आधीच्या दोन वर्षांत साडेपाच हजार गेले होते.

इंजिन सुरू केलं, मल्टिमीटर लावला: ०.०४ व्होल्ट. काटा निम्म्यावर होता, निम्म्यावरच राहिला.

पण इथे थांबले असते तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. पाणी येतं कुठून हे शोधल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. माझी मुलगी टॉर्च घेऊन मागच्या सीटवर बसली, दारं बंद केली, आणि मी बाहेरून मगाने पाणी ओतत गेले, आधी छतावर, मग काचेवर, मग दाराच्या खालच्या कडेवर. उजव्या मागच्या दारावर ओतलं तसं ती आतून ओरडली, “आई, इथून! खालच्या कोपऱ्यातून!” दाराच्या रबराला खालच्या वळणावर बोटभर चीर होती आणि दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं चिखलाने बुजलेली. भोकं तारेने मोकळी केली, रबर नवीन लावलं, गालिचा आणि फोम दोन दिवस गच्चीवर वाळवले. तुमच्याकडे ओल डिकीतून येत असेल, मागच्या काचेच्या कडेतून येत असेल, पण परीक्षा हीच: एक जण आत टॉर्च घेऊन, एक बाहेर मग घेऊन.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. बाबा गेली दोन वर्षं म्हणत होते की गाडी चढावर दम खाते, आणि आम्ही ते गाडीच्या वयावर ढकलत होतो. वायर बदलल्यावर पहिल्यांदा महूच्या बाजूला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं की गाडी हलकी झालीय. अर्थमध्ये पावणेदोन व्होल्ट वाया जात होते म्हणजे पंपालाही तेवढे कमीच मिळत होते. तुमचा काटा पडतो आणि त्याच दिवसांत गाडी ओढत नाही, असं असेल तर दोन्हींचं मूळ एक असू शकतं.

शेवटचं काम म्हणजे काट्यावर पुन्हा विश्वास बसवणं. बाबांनी टाकी रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत उतरू दिली, मग दर वेळी पाच-पाच लिटर भरून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून मिनिटभराने काटा कुठे येतो ते टिपलं. निम्मा काटा म्हणजे आमच्या गाडीत १९ लिटर, पाव म्हणजे १० लिटर, आणि दिवा लागतो तेव्हा ६ लिटरच्या आसपास उरतात. ते आकडे त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेत.

मिस्त्रींकडेच काम द्यायचं असेल तर ‘काटा खराब आहे’ एवढंच सांगू नका. नुसती चावी ऑन असताना काटा कुठे आणि इंजिन चालू असताना कुठे, हे दोन्ही दाखवा, आणि अर्थ पंप चालू ठेवून व्होल्टवर मोजायला सांगा. आमच्या मिस्त्रीकाकांना मी १.७८ चा आकडा दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः दोनदा मोजून बघितला. नंतर त्यांच्याकडे अशाच तक्रारीची गाडी आली, तेव्हा त्यांनी युनिट मागवण्याआधी मला फोन करून टाचणी नेमकी कुठे सरकवायची ते विचारून घेतलं.

त्यानंतर २०२४ चा अख्खा पावसाळा गेला. सप्टेंबरात सीट उचलून पुन्हा मोजलं: ०.०५ व्होल्ट, फोम कोरडा.